चिंतेचा झटका आणि भीतीचा झटका : फरक समजून घेऊ या

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे आणि शिक्षण कला शाखेचे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण यातील एक गोष्ट मी स्वतः भोगली आहे आणि दुसरी माझ्या घरात पाहिली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. महिनाअखेर नव्हती, गर्दी नव्हती. कॅश काउंटरवर नोटा मोजत असताना एकाएकी छाती धडधडू लागली. घाम फुटला, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आता आपण मरणार असेच वाटले. सहकाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेले. ईसीजी व्यवस्थित निघाला. तोवर धडधडही शमली होती. पुढे तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, "हा पॅनिक अटॅक होता."

दुसरी गोष्ट माझ्या मुलीची. बारावीच्या परीक्षेआधी दोन महिने तिला धड झोप नव्हती. पोटात गोळा, चिडचिड, मान आखडलेली, वाचलेले लक्षात राहत नसे. परीक्षेच्या आदल्या रात्री तिला रडू कोसळले, हात थरथरू लागले. यालाच आपण चिंतेचा झटका म्हणतो.

मित्रहो, फरक येथेच आहे. चिंतेला बहुधा कारण दिसते. परीक्षा, कर्ज, आजारपण. ती हळूहळू चढते आणि दिवसेंदिवस राहते. पॅनिक अटॅक अचानक येतो, कधी कधी काहीच कारण नसताना, अगदी झोपेतसुद्धा. काही मिनिटांतच तो शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेत पॅनिक डिसऑर्डर हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदविला. २०१३ च्या आवृत्तीत पॅनिक अटॅकची १३ लक्षणे दिली असून त्यांपैकी किमान ४ एकाच वेळी असावी लागतात. 'चिंतेचा झटका' हे मात्र त्यात निदान म्हणून नाही. तो बोलीतला शब्द आहे. म्हणून त्यातला त्रास खोटा ठरत नाही.

शरीरात घडते ते असे. धोका दिसल्यावर पळण्यासाठी जी तयारी शरीर करते, तीच धोका नसताना होते. ॲड्रेनलिन वाढते, हृदय जोरात चालते. आपण भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मुंग्या व भोवळ येते. त्या मुंग्यांनी भीती आणखी वाढते.

खरे नुकसान पुढे होते. पुन्हा झटका येईल या धास्तीने मी काउंटर टाळू लागलो. चष्म्याचा नंबर वाढल्याचे खोटेच कारण साहेबांना सांगितले. घरीही लपविले. आणि मुलगी रडली त्या रात्री मीच तिला म्हणालो, "एवढ्याशा परीक्षेला काय घाबरतेस?" ज्याला ठाऊक होते तोच असे बोलला, याची खंत मला आजही आहे. नंतर मी माझी हकीकत तिला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?"

तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. छातीत दुखू लागले तर स्वतःच निदान करू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. हृदयविकार नाही हे डॉक्टरांनीच सांगावे. पॅनिक अटॅक असल्याचे निश्चित झाल्यावर पुन्हा झटका आला, तर सावकाश श्वास सोडावा आणि हा ओसरणार आहे हे मनाला सांगावे. जवळच्याने "काही नाही झाले" म्हणू नये, "मी येथे आहे" म्हणावे. दोन्हींवर उपचार आहेत. विचार व वर्तन सुधारणारी मानसोपचार पद्धती आहे, औषधेही आहेत. पण शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी घेऊ नये, तिची सवय जडते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावा.

ताप आला तर आपण लपवीत नाही. मग हे का लपवावे? मी आज पुन्हा त्याच काउंटरवर बसतो. एवढे सांगून माझे दोन शब्द संपवतो.