थराची भाकरी आणि आपला वाटा

(अंकुशनगर येथील बचत गटांच्या एकत्र बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले मार्गदर्शन. ज्या मैत्रिणींना बैठकीला येता आले नाही त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



आज हप्ते गोळा झाले, कर्जाच्या मागण्या झाल्या, आता जरा चुलीकडे वळू. मागच्या बैठकीत दोन-तीन जणींनी एकच गोष्ट सांगितली. लेकी मोबाईलवर बघतात आणि म्हणतात, "आई, मेक्सिकन कर ना काहीतरी." चीज, मैद्याची रोटी, बाटलीतला सॉस, सगळं विकतचं. वावरातून दमून आलेल्या बाईनं हे कुठून आणायचं? म्हणून आज मी तुम्हाला एक पदार्थ सांगणार आहे. मेक्सिकोतल्या घरांत तो करतात, आणि त्याचं जवळजवळ सगळं सामान आपल्या घरात आधीपासून आहे.

मेक्सिको म्हणजे अमेरिका खंडातला एक देश. तिथली बाई मक्याचं पीठ मळते, हातानं थापते आणि मातीच्या किंवा लोखंडी तव्यावर भाजते. त्या भाकरीला तिकडे तोर्तिया म्हणतात, तव्याला कोमाल म्हणतात. आपल्यासारखा दगडी पाटा-वरवंटा तिच्याकडेही असायचा, खेड्यांत अजून आहे. मका दळायच्या आधी ती तो चुन्याच्या पाण्यात शिजवते. त्यानं साल सुटतं, भाकरीत कॅल्शियम वाढतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. हे तिला कुणी कॉलेजात शिकवलेलं नाही, आईकडून लेकीकडे आलेलं आहे.

आता गंमत बघा. मका मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या लोकांनी सुमारे ९,००० वर्षांपूर्वी एका रानगवतापासून तो तयार केला. मिरची, टोमॅटो, राजमा हेही त्याच खंडातून आलेले. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यानंतर त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे पोचली. त्याआधी आपल्या पणज्यांच्या पणज्या तिखटासाठी मिरे आणि पिंपळी वापरायच्या. आज मिरचीच्या ठेच्याशिवाय आपली भाकरी गिळत नाही! तेव्हा कुणी म्हणालं "हे परदेशी खाणं आपल्याला कशाला", तर त्यांना आधी ठेचा बाजूला ठेवायला सांगा.

तिकडेही भाकरी उरते. उरलेल्या भाकरीचे कुटके करून ते मिरची-टोमॅटोच्या रश्श्यात घोळवतात, त्याला चिलाकीलेस म्हणतात. आपण कुटक्यांना फोडणी देतो, तसंच. आणि भाकरी, रस्सा, कालवण असे थरावर थर लावून केलेल्या पदार्थाला पास्तेल आस्तेका म्हणतात. आपण त्याला थराची भाकरी म्हणू.

सहा माणसांच्या घराला लागणारं सामान:

सकाळच्या ज्वारीच्या ९ भाकरी, पातळ थापलेल्या. राजमा पाव किलो. महाग वाटला तर चवळी किंवा मटकी घ्या. मक्याची ३ कणसं, मिळाली तर. टोमॅटो १ किलो, कांदे ४, लसणाचा एक गड्डा, सुक्या लाल मिरच्या ५-६, जिरे एक चमचा. पालक, मेथी किंवा तांदुळजा, जी भाजी घरी असेल तिची एक जुडी. दही २ वाट्या, बेसन अर्धी वाटी, थोडं तेल, मीठ, हळद, कोथिंबीर, लिंबू.

राजमा रात्रीच भिजत घाला. सकाळी ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात कुकरला मऊ शिजवा. राजमा अर्धा कच्चा राहिला तर उलट्या होतात, म्हणून दाणा बोटानं चेपून बघा, पीठ झालं पाहिजे. शिजवलेलं पाणी मात्र टाकू नका, ते रश्श्यात घालायचं आहे.

संध्याकाळी तव्यावर टोमॅटो, कांदे, लसूण काळे डाग पडेपर्यंत भाजा. मिरच्या शेवटी टाका, त्या लगेच करपतात आणि रस्सा कडू होतो. हे सगळं जिऱ्यासोबत पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटा. थोड्या तेलात परता, राजम्याचं पाणी घाला, मीठ घाला, उकळी आणा. रस्सा पळीवाढा हवा. ज्वारीची भाकरी पाणी फार पिते. रस्सा घट्ट राहिला तर मधला थर कोरडा पडतो आणि मालक म्हणतात, "ह्याच्यापेक्षा चटणी-भाकरी बरी होती."

आता थर. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं किंवा लोखंडी कढई घ्या. जर्मनच्या भांड्यात आंबट रस्सा शिजवू नका. तळाला तेलाचं बोट फिरवा, दोन पळ्या रस्सा पसरा. त्यावर ३ भाकरी तोडून, मध्ये फट न ठेवता बसवा. त्यावर राजमा, मक्याचे दाणे, चिरलेली पालेभाजी आणि पुन्हा रस्सा. असे तीन थर लावा. शेवटी दही, बेसन, मीठ, हळद एक वाटी पाण्यात गुठळी न राहता फेटा आणि वरून ओता. तिकडची बाई इथं चीज घालते. आपलं हे दही-बेसन पिठल्यासारखं घट्ट बसतं आणि थर धरून ठेवतं.

झाकण लावा. पातेल्याखाली तवा ठेवा, म्हणजे तळ लागणार नाही. मंद आचेवर २५ मिनिटं. चूल असेल तर जाळ ओढून घ्या आणि लोखंडी झाकणावर चार निखारे ठेवा. उतरवल्यावर १० मिनिटं हात लावू नका, नाहीतर थर मोडतात. मग कोथिंबीर टाका आणि सुरीनं वड्या पाडतो तसे वाटे पाडा. लोखंडी कढईत केलं असेल तर उरलेलं लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, रंग आणि चव बिघडते.

ज्या आजींना दात नाहीत त्यांनाही हे खाता येतं. लहान लेकरांसाठी मिरच्या दोनच घाला, मोठ्यांना वरून ठेचा द्या.

आता मी ज्यासाठी हा पदार्थ निवडला ते बोलते.

गटांत फिरताना मी एक प्रश्न विचारते : "रात्री शेवटी कोण जेवतं?" उत्तर देण्याआधीच सगळ्या हसतात. समर्थ कारखान्याचं गाळप सुरू झालं की कुणी ऊसतोडीला, कुणी वेचणीला, कुणी खुरपणीला जाते. दिवसभर राबायचं, मग स्वयंपाक, मग सगळ्यांना वाढायचं. आपल्या ताटात पातेल्याच्या तळाचं कोरड्यास येतं, कधी नुसती चटणी. भाकरी टोपल्यातून एकेक वाढत गेलो की आपल्यासाठी किती उरली हे कुणालाच दिसत नाही, आपल्यालासुद्धा नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागे ५४ जणींना रक्त कमी असल्याचं निघालं. म्हणजे या मांडवातल्या निम्म्याहून जास्त. चक्कर येते, दम लागतो, आणि आपण म्हणतो "कामानं होतंय." याला एकच कारण नाही, पण ताटातलं कमी पडणं हे त्यातलं मोठं कारण आहे.

थराच्या भाकरीत ज्वारी आणि कडधान्य एकत्र येतात, एकातलं उणं दुसरं भरून काढतं. पालेभाजी आणि राजम्यातलं लोह अंगी लागायला आंबट लागतं, म्हणून खाताना वरून लिंबू पिळा. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. आणि आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या डब्यात ठेवायला नाहीत, त्या घ्या. जेवणानं गोळीचं काम होत नाही आणि गोळीनं जेवणाचं.

पण या पदार्थाचा सगळ्यात मोठा गुण वेगळाच आहे. याचे वाटे वाढायच्या आधीच पाडावे लागतात. सहा माणसं तर सहा वाटे, पातेल्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सहावा आपला. कुणी जास्त मागितलं तरी तो कुणाचा आहे हे दिसतं.

एक मावशी मला म्हणाल्या, "पोरी, लेकरानं मागितलं तर आई नाही म्हणेल का?" नका म्हणू. पण मग पुढच्या वेळी दोन भाकरी वाढवून करा. लेकराची भूक आईच्या ताटातून भागवायची नसते, पातेल्यातून भागवायची असते.

गटात आपण दहा रुपयांचासुद्धा हिशोब लिहितो. एकीचा हप्ता राहिला तर सचिव ताई नाव घेऊन विचारतात. मग घरातल्या जेवणात स्वतःचा हप्ता रोज बुडतो, त्याची नोंद कुठंच का नसावी?

तेव्हा या महिन्यात प्रत्येकीनं एकदा तरी थराची भाकरी करायची. राजमा असो की मटकी, कढई असो की पातेलं. एकदा तरी सगळ्यांसोबत बसून जेवायचं. पुढच्या बैठकीत मी दोनच गोष्टी विचारणार आहे : घरात माणसं किती, आणि वाटे किती पाडले? दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत.