मैत्रीचा अपवाद
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



द्वेषाच्या राजकारणाचा हिशेब सामान्यतः मतांच्या टक्केवारीत मांडला जातो. जर्मनीत नाझी पक्षाला मे १९२८ मध्ये २.६ टक्के मते मिळाली होती. जुलै १९३२ मध्ये ती ३७ टक्क्यांवर गेली आणि जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला. तथापि या काळात माणसामाणसांतले संबंध कसे उसवत गेले, हे आकडे सांगत नाहीत. ते सांगणारी एक छोटी कादंबरी आहे. 'रीयुनियन' हे तिचे नाव. ती १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे लेखक फ्रेड उलमन हे स्टुटगार्ट येथे १९०१ मध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मले. पेशाने वकील, निष्ठेने सोशल डेमोक्रॅट. मार्च १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. पुढे इंग्लंडमध्ये ते चित्रकार म्हणून नावारूपाला आले. मागे राहिलेले त्यांचे आईवडील मात्र तेरेझिनश्टाटच्या छळछावणीत मरण पावले.

कादंबरीतील दोन मुले स्टुटगार्टच्या एका प्रतिष्ठित शाळेत शिकतात. हान्स श्वार्ट्स हा ज्यू डॉक्टरचा मुलगा. कोनराडिन फॉन होहेनफेल्स हा थोर सरदार घराण्याचा वारस. दोघेही एकाकी आणि संकोची. हान्सने वर्गात आणलेली जुनी ग्रीक नाणी हे ओळखीचे निमित्त ठरते. मग कविता, डोंगरातील भटकंती, ईश्वर आहे की नाही यावरचे वाद. धर्म किंवा वंश हा विषय त्या दोघांच्या मधे येतच नाही.

तो येतो बाहेरून, आणि येतो तोही शिव्याशाप घेऊन नव्हे. कोनराडिन हान्सला आपल्या वाड्यात बोलावतो, पण आईवडील परगावी असतील तेव्हाच. एके रात्री शहराच्या नाट्यगृहात बेथोव्हेनच्या 'फिडेलिओ' या संगीतिकेचा प्रयोग असतो. बंदिवानांच्या मुक्तीची ती कथा. कोनराडिन आईवडिलांसह तेथे येतो. हान्स समोर असतो. परंतु कोनराडिन ओळख दाखवीत नाही. दुसऱ्या दिवशी तो प्रामाणिकपणे कारण सांगतो : आईला ज्यूंचा तिटकारा आहे. त्याच्या स्वतःच्या मनात द्वेषाचा लवलेश नाही. आपल्या मित्रासाठी तो आईशी पुष्कळ भांडलेलाही आहे.

म्हणूनच ही कथा कार्यकर्त्याने बारकाईने पाहिली पाहिजे. द्वेषाचे राजकारण प्रत्येक माणसाकडे द्वेषाचीच मागणी करते असे नाही. सज्जन माणसाकडून त्याला एवढेच हवे असते, की त्याने चारचौघांत ओळख दाखवू नये. घरातले प्रेम त्याने घरात ठेवावे. त्याला कोणाची हरकत नसते.

पुढे नवा इतिहासशिक्षक वर्गात आर्यवंशाचे गोडवे गाऊ लागतो, हान्सच्या बाकावर ज्यूंना हाकलण्याच्या चिठ्ठ्या चिकटतात आणि आईवडील त्याला अमेरिकेस पाठवतात. निघण्यापूर्वी त्याला कोनराडिनचे पत्र मिळते. त्यात माया आहे, कृतज्ञता आहे; आणि हिटलरच देशाला वाचवील अशी श्रद्धाही आहे. चांगले ज्यू कोणते आणि नकोसे कोणते, हे तो नेता निवडून घेईल, असा त्या मुलाचा भाबडा विश्वास आहे. आपला मित्र चांगल्यांत मोडतो, याविषयी त्याला शंका नाही.

'तू त्यांच्यातला वाटत नाहीस', हे वाक्य आपल्याकडेही प्रेमानेच उच्चारले जाते. त्यात मित्राचा गौरव आहे असे बोलणाऱ्याला वाटते. वस्तुतः त्यात मित्राच्या साऱ्या समाजाला दोषी ठरवून एकट्या मित्राला माफी दिलेली असते. अपवादावर उभी असलेली मैत्री नियमाला धक्का लावीत नाही. उलट नियम मान्य करूनच ती अपवाद मागते. आणि नियमाची सत्ता आली की अपवाद कोणी विचारीत नाही. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात जर्मनीसाठी सुमारे १२,००० ज्यू सैनिकांनी प्राण दिले होते. त्यांच्या कुटुंबांनाही पुढे दयामाया दाखवली गेली नाही. हान्सचे वडील असेच एक लढलेले अधिकारी. हा द्वेष म्हणजे गोवर आहे, आर्थिक स्थिती सुधारली की उतरेल, असे ते म्हणत. अखेर पतिपत्नीने घरातील गॅस सोडून जीवन संपवले.

डॉक्टरांचे निदान अर्धे खरे होते. १९३२ च्या आरंभी जर्मनीत बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली होती आणि लोकसंख्येत एक टक्काही नसलेल्या ज्यूंवर त्या दुःखाचे खापर फोडणे सोपे झाले होते. परंतु ज्यांनी त्या बेकारांना वेगळा मार्ग दाखवायचा, ते काय करीत होते? नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींना १९६ जागा मिळाल्या. सोशल डेमोक्रॅटांना १२१ आणि कम्युनिस्टांना १००. दोघांची बेरीज नाझींहून मोठी होती, पण ती बेरीज कधी झालीच नाही. कम्युनिस्ट पक्षाच्या लेखी सोशल डेमोक्रॅट हे 'सामाजिक फॅसिस्ट' होते. सोशल डेमोक्रॅटांनाही त्यांच्याविषयी तितकाच अविश्वास. एकाच कारखान्यात राबणारे कामगार एकमेकांना ओळख दाखवीनासे झाले. पुढे छळछावण्यांत दोघेही गेले. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखविण्यापूर्वी हे मुसळही पाहिले पाहिजे.

कथेचा शेवट अनेक वर्षांनंतरचा आहे. अमेरिकेत वकील झालेल्या हान्सकडे जुन्या शाळेकडून युद्धात मृत्यू पावलेल्या विद्यार्थ्यांची यादी येते. कोनराडिनचे नाव पाहण्याचे धैर्य त्याला होत नाही. अखेर तो ते पान उघडतो. हिटलरच्या वधाच्या कटात सामील झाल्याबद्दल कोनराडिनला देहदंड दिला गेलेला असतो.

म्हणजे ती मैत्री मेली नव्हती. कोनराडिनने अखेर प्राणांचे मोल दिले. पण तोवर लक्षावधी माणसे मारली गेली होती. नाट्यगृहातील त्या रात्री त्याला प्राण द्यावे लागणार नव्हते. आईच्या देखत दोन पावले पुढे जाऊन मित्राचा हात हातात घ्यायचा होता, एवढेच. एका मुलाच्या तेवढ्या कृतीने हिटलर थांबला नसता, हे खरे. पण अशी दोन पावले टाकण्याचे बळ एकेकट्या सज्जनाला क्वचितच लाभते. ते बळ सोबतीने येते, आणि ती सोबत उभी करणे हेच संघटनेचे काम आहे. शाळेत, कारखान्यात, वस्तीत जेथे कोणी ओळख दाखवायला कचरत असेल, तेथे कार्यकर्त्याने त्याच्या बाजूला जाऊन उभे राहावे. आणि ते त्या पहिल्या रात्रीच उभे राहावे.