भिंतीवरील ऐतिहासिक तसबिरी
(सुवर्णमहोत्सवी संमेलनातील भाषण)



नव्या सभागृहात इतिहासपुरुषांच्या भव्य तसबिरी लावण्याचे मंडळाने योजिले आहे, व त्याविषयी बोलण्याचे काम मजसारख्या शाळामास्तराकडे दिले आहे. आमच्या घरी माणसांची चित्रे भिंतीवर लावण्याची चाल नाही. सुंदर अक्षरांतील एक आयत तेवढी चौकटीत असे. तेव्हा या विषयात मी पाहुणाच. पण 'तसबीर' हा शब्दच मराठीने अरबीतून घेतलेला. म्हणजे पाहुणा अगदीच परका नव्हे!

मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तेथे शिवछत्रपतींची आठ फुटी तसबीर लागली. कोणीतरी कॅलेंडरावरून ती मोठी करविली होती. पहिल्याच दिवशी पाचवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, महाराजांचे डोळे असे विरघळल्यासारखे का?" मला उत्तर देववेना. मूळ चित्र कोठले, कधीचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्याकडे असे होऊ नये, एवढ्यासाठी मी उभा आहे.

आपण हैदराबादकर. १६७७ साली महाराज आपल्याच भागानगरात येऊन अबुल हसन कुतुबशहाला भेटले. पुढे थोड्याच वर्षांत गोवळकोंड्याच्या चितार्‍यांनी डच गिर्‍हाइकांसाठी राजेरजवाड्यांची चित्रे काढली. त्यांत महाराजांचेही आहे. असा एक संग्रह अ‍ॅम्स्टरडॅमच्या निकोलास विट्सेन यांच्याकडे गेला व आज तेथील रायक्सम्युझियममध्ये आहे. महाराजांना समोर बसवून ते काढले असे मी म्हणणार नाही; पण काळाने आणि गावाने ते जवळचे आहे. त्याच संग्रहात मोगल व दक्षिणी सुलतानही आहेत. एका कागदाच्या कुटुंबातील ही माणसे शेजारी शेजारी लावता येतील.

आता मापाचे. मूळ चित्र लहान वहीच्या पानाएवढे. सभागृह मोठे म्हणून चित्र आठ फूट, हा हिशेब चुकतो. चार फूट म्हणजे ४८ इंच. इंचाला १५० ठिपके धरले तरी उंचीत ७२०० ठिपके लागतात. तेवढे मूळ छायाचित्रात नसतील, तर यंत्र ते मनाने भरते, आणि डोळे विरघळतात ते असे! संग्रहालय आपल्या संकेतस्थळावर मोठी छायाचित्रे विनामूल्य देते; ती घ्यावीत, कॅलेंडर नको. चित्र दोन फुटांचे करून भोवती रुंद कोरी किनार सोडली, तर भिंतही भरते आणि दाढीचा केसही शाबूत राहतो.

छपाई सुती कागदावर, रंगद्रव्याच्या शाईने करावी. पश्चिमेच्या खिडक्यांसमोर तसबीर लावू नये. उन्हाने रंग उडतो. चौकटीमागे बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून अंतर ठेवावे, कारण आपल्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर असावा, म्हणजे मुलांच्या माना दुखणार नाहीत.

देणगीदारांच्या तसबिरींसाठी जिन्याची भिंत योग्य, असे माझे नम्र मत आहे; कोणी रागावू नये.

प्रत्येक चित्राखाली नाव, स्थळ, सुमाराचा काळ व मूळ चित्राचा ठावठिकाणा यांची पाटी हवी. चितारी अज्ञात असेल तर 'अज्ञात' असेच लिहावे. ते पाट्या लिहिण्याचे काम माझ्याकडे असू द्या. अक्षर बरे आहे, असे मुले म्हणतात.