चाकाचा नट किती आवळायचा?

मोटारींच्या शर्यतीचं वेड कोल्हापूरला नवं नाही. इथल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धा झाल्या आहेत, आणि इथलाच कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला.

शर्यतीत चाकं किती झटपट बदलतात, ते पाहा. फॉर्म्युला वनमध्ये २०२३ साली कतारच्या शर्यतीत मॅक्लारेनच्या पथकाने लँडो नॉरिसच्या गाडीची चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. प्रत्येक चाकापाशी तिघं असतात: एक नट काढण्या-आवळण्याची गन चालवतो, दुसरा जुनं चाक ओढतो, तिसरा नवं बसवतो. चाकाला नट मात्र मधोमध एकच. तो बिघडला की शर्यत संपली. २०२१ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत मर्सिडीजच्या वाल्टेरी बोटासच्या चाकाचा नट गनने असा खरवडला गेला, की चाक निघेचना. अखेर ते पथकाच्या इंग्लंडमधल्या कारखान्यात नेऊन काढावं लागलं!

आपल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिच्या चाकाला चार-पाच नट, आणि चाक त्यांच्यावर नुसतं लटकत नसतं. नट आवळला की स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, किंचित ताणला जातो, त्या ताणाने रिम हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, दाबली जाते आणि मुख्य भार या दोहोंमधलं घर्षण पेलतं. ताण कमी पडला तर रिम हलू लागते. जास्त झाला तर स्टड कायमचा लांबतो आणि कधीतरी तुटतो. नट कमीजास्त आवळले गेले, तर ब्रेकची डिस्क वाकडी होऊन ब्रेक दाबताच स्टेअरिंग थरथरू शकतं.

समजा, गगनबावड्याच्या वाटेवर टायर पंक्चर झाला. जॅक चढवण्याआधीच नट थोडे सैल करावेत. स्टेपनी लावताना प्रत्येक नट आधी बोटांनी फिरवावा. आटे नीट धरले की नाही, ते बोटांनाच कळतं. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर टेकल्यावर लावावा. आट्यांना तेल लावू नये. घर्षण घटतं, आणि तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो.

पान्यावर उभं राहून उड्या मारण्याची सवय तर सोडायलाच हवी. लहान मोटारींना साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, पुरे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि टॉर्क पाना तो अचूक साधतो. पंक्चरवाल्याने गन वापरली, तरी शेवटचा आवळ हातानेच द्यायला सांगावं. त्यानंतर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा तपासावेत, कारण तोवर रिम हबवर नीट बसते आणि स्टडचा ताण थोडा उतरलेला असतो.