कुप्रसिद्ध माणसे आणि आपण
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त सीताबर्डी, नागपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले, तेव्हा विषय आमच्यावरच सोडला. वर्धापन दिनाला बाबासाहेबांच्या कार्यावर नाहीतर पंचशीलावर बोलायची पद्धत आहे. आम्ही मात्र आज चोर, डाकू आणि खुनी यांच्यावर बोलणार आहोत. पुढे बसलेल्या आयाबायांनी लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात खुद्द बाबासाहेबांनी पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेसाठी वेगळा भाग राखून ठेवला आहे. दर वर्षावासात आपण तो वाचतो. राजेरजवाड्यांची दीक्षा वाचताना सगळे सावरून बसतात आणि हा भाग आला की निम्मे लोक चहा झाला का ते पाहायला उठतात!

दुसरे कारण असे की, आपली पोट्टी मोबाईलवर रात्र-रात्र गँगवाल्यांच्या मालिका पाहतात. चौकात कोण्या भाईच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, काळा चष्मा, गळ्यात साखळी, आणि खाली आपल्याच पोरांचे पासपोर्ट फोटो ओळीने. त्यांना नुसते "वाईट आहे, पाहू नका" म्हणून भागत नाही. कुप्रसिद्ध कोण, त्याला कुप्रसिद्ध कोणी ठरवले आणि त्याचे पुढे काय झाले, हे त्यांच्याशी बोलावे लागेल.

बर्डीची टेकडी आपण रोज पाहतो. वर किल्ला आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इथे भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. भोसल्यांकडून होते आप्पासाहेब. त्यांच्यावर आरोप असा की, गादीवरचा चुलतभाऊ परसोजी यांना त्यांनी मारवले. परसोजी गेले १ फेब्रुवारी १८१७ ला. आता गंमत बघा. परसोजी गेल्यावर इंग्रजांनी याच आप्पासाहेबांना गादीवर मान्य केले. लढाई झाली, आप्पासाहेब हरले आणि १८१८ साली त्यांना कैद करताना खुनाचा आरोप जोरात पुढे आला. म्हणजे मेलेला तोच, मारल्याचा संशय तोच, पण खुनी केव्हा म्हणायचे ते साहेबाच्या सोयीने ठरले. आप्पासाहेब पहाऱ्यातून निसटले आणि १८४० साली जोधपूरला वारले. आज कोणी त्यांना स्वातंत्र्यवीर म्हणतो, कोणी भाऊबंदकीतला खुनी. आमच्या मते एक माणूस दोन्ही असू शकतो. पण ज्याच्या हाती राज्य, त्याच्याच हाती गुन्हेगारांची यादी असते, एवढे या टेकडीखाली राहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

त्या यादीचा कळस म्हणजे १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट. माणसाने काय केले ते पाहायचेच नाही, कोणाच्या पोटी जन्मला ते पाहायचे. जमातच्या जमात गुन्हेगार! पोलीस ठाण्यात हजेरी, दुसऱ्या गावी जायचे तर पास, आणि पुढे तारेच्या कुंपणातल्या वसाहती. सोलापूरच्या वसाहतीतली माणसे तिथल्या गिरण्यांत राबत. दिवसा मागावर आणि रात्री कुंपणात. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, बेरड, किती नावे घ्यावी! ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणून तो विमुक्त दिन. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या प्रस्तावनेत ते या जमातींची संख्या दोन कोटी सांगतात, आदिवासी दीड कोटी आणि अस्पृश्य पाच कोटी. एवढी माणसे ज्या संस्कृतीने अशा अवस्थेत ठेवली, ती संस्कृती कसली, असा त्यांचा सवाल आहे. ते गुन्हेगार जमातीकडे बोट दाखवत नाहीत, तिला तसे करणाऱ्या व्यवस्थेकडे दाखवतात. भटक्या-विमुक्तांपैकी अनेकांनी २००७ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर धम्मदीक्षा घेतली, ती काही अशीच नाही.

आता कोणी म्हणेल, तो कायदा तर गेला. कायदा गेला, नजर गेली नाही. आम्ही गिरणीत होतो तेव्हा पाळी सुटली की दारावर झडती होई. डबा उघडा, धोतराचा सोगा झटका. साहेबांची गाडी मात्र सलाम घेत तशीच बाहेर जायची. आणि आज गुंडांना वर्षभर स्थानबद्ध करायचा आपल्या राज्याचा १९८१ चा जो कायदा आहे, त्याच्या मराठी नावात पहिला शब्दच 'झोपडपट्टीगुंड' असा आहे. बंगल्यात राहणाऱ्या गुंडासाठी आम्ही असा शब्द कायद्यात वाचलेला नाही.

म्हणून काय झोपडपट्टीत गुंड नसतात? असतात. तिकडे येतोच. त्याआधी अंगुलिमाल.

ही गोष्ट आपण पोरांना अर्धीच सांगतो. श्रावस्तीजवळ डाकू होता, माणसे मारून बोटांची माळ घालायचा, तथागत एकटेच त्या वाटेने गेले, त्याचे मन पालटले, तो भिक्खू झाला. संपली गोष्ट! पण मज्झिम निकायात ती इथे अर्धीच होते. पुढे राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याच अंगुलिमालाला पकडायला निघतो आणि वाटेत तथागतांना भेटतो. तथागत त्याला लपवत नाहीत. हा शेजारी बसला तोच तो, असे हात धरून दाखवतात. राजाच्या अंगावर काटा येतो. त्यापुढची गोष्ट तर आणखी मोलाची. भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाला लोक ढेकळे मारतात, काठ्या मारतात. डोके फुटलेले, भिक्षापात्र फुटलेले, चीवर फाटलेले, असा तो परत येतो. तथागत लोकांना शिव्या देत नाहीत. त्याला सांगतात की, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, सहन कर.

बघा, तीन माणसे आहेत या गोष्टीत. बदललेला गुन्हेगार, कायदा हाती असलेला राजा, आणि ज्यांच्या घरची माणसे मेली ते गावकरी. तथागतांनी तिघांपैकी एकालाही पुसून टाकले नाही. अडलेल्या बाळंतिणीसाठी अंगुलिमाल जे सत्यवचन बोलला, त्याचे परित्राण आजही गरोदर बाईसाठी म्हटले जाते. पण त्याच माणसाने ढेकळेही खाल्ली, हे सांगायला आपण विसरतो.

आता आपल्या काळातले उदाहरण. फूलनदेवी. फेब्रुवारी १९९५ मध्ये ती इथे, आपल्या दीक्षाभूमीवर आली आणि बौद्ध झाली. बर्डीहून सायकलने पंधरा मिनिटांची वाट. जालौन जिल्ह्यातल्या मल्लाह कुटुंबातली, यमुनेकाठची गरीब पोर. लहानपणी मोठ्या वयाच्या माणसाशी लग्न, मग बेदम छळ, मग डाकूंची टोळी, आणि बेहमई गावात ठाकूर डाकूंनी केलेले अत्याचार. १४ फेब्रुवारी १९८१ ला तिच्या टोळीने त्याच बेहमईत वीस माणसे गोळ्या घालून मारली. आपण स्वतः गोळी झाडली नाही, असे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. १९८३ साली भिंडला तिने शस्त्रे खाली ठेवली, अकरा वर्षे खटला न चालता तुरुंगात राहिली, १९९४ ला सुटली, १९९६ आणि १९९९ ला मिर्झापूरमधून खासदार झाली. २५ जुलै २००१ ला दिल्लीत तिच्या घराच्या दारातच तिला गोळ्या घातल्या. वय अवघे सदतीस. मारणारा म्हणाला, बेहमईचा बदला घेतला.

आपल्यातले काही लोक तिचा फोटो लावतात आणि म्हणतात, ठाकुरांना धडा शिकवला. काही म्हणतात, डाकू ती डाकू, तिचे नाव विहारात काढू नका. आम्हाला दोन्ही पटत नाही. ज्या पोरीची फिर्याद कोणत्याच ठाण्यात लिहून घेतली जात नव्हती, तिने बंदूक उचलली, हे समजते. पण बेहमईत ओळीने उभे केलेले ते वीस जण, ते सगळेच का तिच्यावर अत्याचार करणारे होते? त्यांच्या बाया विधवा झाल्या. बेहमईच्या खटल्याचा निकाल लागला फेब्रुवारी २०२४ मध्ये! तब्बल ४३ वर्षांनी एका म्हाताऱ्या आरोपीला जन्मठेप, दुसरा सुटला. फिर्यादी तोवर मरून गेला होता. म्हणजे फूलनलाही न्याय नाही आणि त्या विधवांनाही नाही. तिचा मान करायचा तर बेहमईसाठी करू नका. शस्त्र ठेवून ती दीक्षाभूमीपर्यंत चालत आली, त्यासाठी करा.

आणि एक विचारतो. फूलनचे नाव भारतात शेंबड्या पोराला ठाऊक. सिनेमा निघाला, पुस्तके निघाली. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातल्या चार जणांना गावाने मारले. आपल्या धम्मबांधवांचे घर. २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले, सहा जणांना फाशी झाली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा केली. या सभेत कोणी त्या आठ जणांपैकी दोघांची नावे सांगावी. कोणालाच येत नाहीत ना? आम्हालाही यादी पाहावी लागते. मल्लाहाची पोर कुप्रसिद्ध होते आणि गावचे प्रतिष्ठित खुनी बिननावाचे राहतात. कुप्रसिद्धीचीही जात असते, ती अशी.

आता झोपडपट्टीतला गुंड. अक्कू यादव. वयस्कर मंडळींना सांगायला नको. जरीपटक्याकडच्या कस्तुरबा नगरात या माणसाने दहा-बारा वर्षे धुमाकूळ घातला. वस्ती बहुतांश आपलीच, हातावर पोट असलेली. घरात घुसून लूट, मारहाण, बायकांवर अत्याचार. तक्रारी केल्या तरी तो सुटून यायचा आणि तक्रार करणारीच्या दारात उभा राहायचा, असे त्या बायांनी पुढे सगळ्या जगाला सांगितले. १३ ऑगस्ट २००४ ला, भर दुपारी, नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जमावाने त्याला ठार केले. बाया म्हणाल्या, आम्हा सगळ्यांनाच अटक करा. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी सगळे सुटले. त्यावर मालिका आणि सिनेमे आले, तेच आपली पोट्टी पाहतात आणि टाळ्या पिटतात.

त्या बायांना बोल लावायची आमची हिंमत नाही. दहा वर्षे पोलीस कुठे होते हे जो विचारत नाही, त्याने त्यांना अहिंसा शिकवू नये. पण टाळ्यासुद्धा आम्ही वाजवणार नाही. का? कारण खैरलांजीलाही गर्दीच होती. तिलाही वाटत होते, आपण गावाच्या वतीने शिक्षा देतो आहोत. गर्दीच्या हाती न्याय गेला की प्रश्न एवढाच उरतो, गर्दी कोणाची मोठी. कस्तुरबा नगरात ती आपली होती. बाकी खेड्यापाड्यात ती आपली नाही, कधीच नव्हती. बाबासाहेबांनी आपल्याला कोर्ट आणि कायदा दिला तो यासाठीच. ते कोर्ट चालत नसेल तर चालवायला लावा. रात्रभर ठाण्यापुढे बसा, पंचवीस बाया मिळून फिर्याद लिहून घ्यायला लावा, तारखेला वस्ती नेऊन उभी करा. हे काम सिनेमात दाखवत नाहीत, कारण त्यात रक्त नाही आणि वेळ फार लागतो.

अशोकाचे एवढेच सांगतो. कलिंगात एक लाख मेले, दीड लाख पकडून नेले, हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत. त्याने स्वतः आपल्या तेराव्या शिलालेखात दगडावर कोरले. मात्र कलिंगात, धौलीला आणि जौगडला, तो लेख त्याने कोरला नाही. ज्यांची माणसे मेली त्यांच्यासमोर आकडा सांगणे सम्राटालाही जड गेले असावे, असा आमचा अंदाज.

आता हे सगळे इतिहासातले झाले. मूळ मुद्दा विहारातला आहे आणि तो काही लोकांना आवडणार नाही. आपल्या वस्तीतला एक मुलगा, आता मुलगा कसला, चाळिशीला आला, हाफ मर्डरमध्ये सात वर्षे काढून कारागृहातून सुटला आहे. गेल्या वैशाख पौर्णिमेला तो भोजनदानाच्या पंगतीत वाढायला आला, तर दोघा-तिघांनी त्याच्या हातातली बादली काढून घेतली. तो काही न बोलता निघून गेला. आता तो विहाराच्या आवारात पोरांना कबड्डी शिकवू का, असे विचारतो आहे. चांगला खेळाडू होता, जुन्या लोकांना आठवत असेल.

ज्यांनी बादली घेतली त्यांना आम्ही वाईट म्हणत नाही. ढेकळे मारणाऱ्यांनाही तथागतांनी वाईट म्हटले नव्हते. आणि ज्याच्या पोटात त्याने चाकू मारला, तो माणूस याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याला अजून जड उचलता येत नाही. समितीने "तथागतांनी अंगुलिमालाला स्वीकारले" असे म्हणून त्याला न विचारता परस्पर निर्णय केला, तर तो त्या जखमी माणसावर अन्याय होईल. आणि "गुन्हेगार तो गुन्हेगार" म्हणून दार लावले, तर मग बाबासाहेबांचा तो भाग वर्षावासात वाचूच नका.

आमची सूचना अशी आहे. आधी समितीच्या दोघांनी त्या जखमी माणसाच्या घरी जावे, त्याचे आणि त्याच्या बायकोचे म्हणणे ऐकावे, आणि ते नाही म्हणाले तर त्यांच्यावर दबाव आणू नये. ते हो म्हणाले तर सहा महिने, समितीचा एक माणूस रोज मैदानावर हजर, अशा अटीवर कबड्डी सुरू करावी. हजर राहायला आम्ही तयार आहोत, गिरणी बंद झाल्यापासून संध्याकाळी आम्हाला वेळच वेळ आहे. सूचना अध्यक्षांकडे लेखी दिली आहे. पुढच्या रविवारी वंदनेनंतर बैठक आहे, तेव्हा ज्यांना विरोध करायचा त्यांनीही यावे, मागाहून ओट्यावर बसून बोलू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!