मोकळी जमीन ही समाजाची ठेव

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



घर ही माणसाची मूलभूत गरज आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दोन-दोन पिढ्यांचे संसार झालेल्या कुटुंबाला हक्काचे प्रशस्त घर मिळत असेल, तर त्याचा आनंद आपण सर्वांनीच मानला पाहिजे. माझा प्रश्न निराळा आहे. चार मजली इमारतीच्या जागी वीस मजली इमारत उभी राहते, तेव्हा पाणी, वीज, वाहनतळ यांचा हिशेब मांडला जातो. पण त्या घरांतील मुलांनी खेळायचे कुठे, वडीलधाऱ्यांनी सायंकाळी बसायचे कुठे, शाखा लावायची कुठे, याचा हिशेब कोणाच्या वहीत असतो?

केंद्र शासनाच्या 2014 च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात दरडोई 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी. म्हणजे किती? तीच दहा बाय बाराची एक खोली! माणशी तेवढी मोकळी भूमी समाजाला मिळावी, एवढीच ही माफक अपेक्षा. मुंबई तिच्या जवळपासही पोहोचलेली नाही.

हे अशक्य होते काय? इतिहास तसे सांगत नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला. दाट, कोंदट वस्तीची किंमत शहराने प्राण देऊन मोजली. 1898 साली सुधार न्यास स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याची वसाहत आखली गेली. घरांबरोबरच रस्ते आणि उद्याने कागदावर उमटली. 1925 साली लोकांसाठी खुले झालेले माहीम पार्क याच परिसरातले. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने 1927 साली त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आणि क्रिकेटपटूंच्या कित्येक पिढ्या या मैदानाने पाहिल्या. चाळीतला मुलगा आणि बंगल्यातला मुलगा तेथे एकाच चेंडूमागे धावले. समरसतेचे याहून सोपे विद्यापीठ कोणते?

आता दुसरे उदाहरण पाहा. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. शहराच्या मध्यभागी सुमारे 600 एकर जमीन होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनीच्या वाटणीचे सूत्र घातले. ढोबळमानाने एक वाटा महापालिकेकडे उद्याने-मैदानांसाठी, एक म्हाडाकडे परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक गिरणीमालकाकडे. 2001 साली या नियमात बदल झाला. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता, गिरणीच्या बांधकामाबाहेर मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये नागरिकांच्या बाजूने कौल दिला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2001 ची दुरुस्ती वैध ठरवली. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य. परंतु एका नियमातील काही शब्द बदलले आणि गिरणगावाच्या वाट्याची मैदाने आक्रसली, हे वास्तव विसरता येणार नाही. 2001 मध्ये हा बदल होत असताना किती मुंबईकरांना त्याचा पत्ता होता? समाज झोपला की त्याची ठेव अशी हातची जाते.

गमावलेले परत मिळवता येते, याचेही उदाहरण मुंबईतच आहे. मिठी नदीच्या काठी, धारावीच्या शेजारी शहराचा कचरा टाकला जात असे. 1977 च्या सुमारास ते थांबले. त्या ढिगाऱ्यावर माती पसरून झाडे लावण्यात आली आणि 1994 साली 37 एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. उकिरड्याचे वन होऊ शकते. टॉवरखाली गेलेल्या जमिनीचे मात्र पुन्हा मैदान होत नाही.

काही जण म्हणतात, नव्या संकुलांत बागा असतातच की! असतात, पण फाटकाच्या आत. सुरक्षारक्षक ज्याला अडवतो, त्याच्यासाठी ती बाग नव्हे. आपल्या देवराया कोणा एकाच्या नव्हत्या, त्या गावाच्या होत्या, म्हणून टिकल्या. सार्वजनिक जागेचे मर्म तेच आहे.

मग आपण करायचे काय? केवळ वृक्षारोपणाची छायाचित्रे काढून भागणार नाही. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी कायद्याने ठरावीक दिवस मिळतात. त्या दिवसांत आपल्या प्रभागाचा नकाशा पाहा, आरक्षणे वहीत उतरवून घ्या, हरकत लेखी द्या. आरक्षण पडले म्हणजे मैदान मिळाले, असेही समजू नका. नगररचना अधिनियमाच्या कलम 127 नुसार दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो; त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. कोणताही गाजावाजा न होता मैदान नकाशावरून पुसले जाते. म्हणून प्रत्येक वस्तीत चार जणांनी तरी या तारखांची राखण करावी.

संघाच्या शताब्दीनिमित्त समाजासमोर ठेवलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आणि नागरी कर्तव्य हे दोन विषय आहेत. मैदान राखणे म्हणजे या दोहोंचे आचरण होय. घर आपल्या मुलांसाठी बांधावे, मैदान सर्वांच्या मुलांसाठी राखावे. पहिल्यासाठी आपण कर्ज काढतो, वर्षानुवर्षे हप्ते भरतो. दुसऱ्यासाठी वर्षातून चार संध्याकाळी दिल्या, तरी पुढच्या पिढीवर मोठे उपकार होतील.