नाव विचारलं तर

24 डिसेंबर 1985 ला, साने गुरुजींच्या जयंतीदिवशी, बाबा आमटे शंभरावर तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. 1984 च्या शीखविरोधी हिंसाचाराला जेमतेम वर्ष उलटलं होतं. पोरं सायकलवर, पाठीच्या दुखण्यामुळे बाबा गाडीत आडवे. ‘भारत जोडो’ ते हेच. बाबांचं आनंदवन आपल्या वणीहून वर्धा नदीपलीकडे, वरोऱ्याला. मी यवतमाळहून सायकलनं तिकडेच निघालो होतो.

सायकलवाल्याला पाणी मागावंच लागतं. मग पहिला प्रश्न नावाचा. आपल्यातले काही ‘राजू’ सांगून सुटतात. मला त्यांचा राग येत नाही. भीती खरी आहे. मारेगावच्या पुढे कापूस वेचणाऱ्या आजीला मी ‘इम्रान’ सांगितलं. ती थबकली. मग फडकं सोडत म्हणाली, “भाकर हाय बाबू, खाऊन जाय.”